यंदाचा मान चिंतामणींना

अंबरनाथ पूर्वेच्या चिंतामणी कानिटकरांना निवृत्तीनंतर कादंबरी झाली. एखाद्याला मधुमेह होतो, तशी.

कारखान्यात जन्मभर त्यांनी पंख्यांचे आवाज तपासले. कादंबरीत मात्र गावदेवीपुढे रक्ताचे पाट वाहत होते. बळीचा प्रसंग चौदा पानांचा. प्रकाशक म्हणाला, "रक्त कागदी वाटतं. एवढं खरं करा, पुस्तक काढू." तेव्हापासून चिंतामणींच्या जिवाला चैन नव्हती.

"अहो, झुरळ दिसलं तरी तुम्ही मला हाक मारता," कुंदाताई म्हणाल्या. "बळी कसले देताय?"

शेवटी त्यांनी दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मोरिवलीच्या कौसाबाईंना गाठलं. गावदेवीचा कोंबडा दरसाल त्यांच्याच घरचा.

"बघायला येऊ का?"

"या की साहेब. यंदाचा मान तुमाला."

मान म्हणजे सत्कार, असं धरून चिंतामणी इस्त्रीचा झब्बा घालून गेले. देवळापुढे कौसाबाईंच्या लेकाने, नाथाने, त्यांच्या हातात कोयता ठेवला.

"हे काय?"

"मान. ज्याला मान, त्यानं कापायचा."

"मला वाटलं, शाल."

"शाल कशाला? रक्त उडंल तिच्यावर."

कोंबड्यावर पाणी शिंपडलं. त्याने अंग झाडलं की देवीने पत्करला. कोंबडा ढिम्म. त्याने झाडलं तर कापावं लागणार, न झाडलं तर कादंबरी बुडणार. चिंतामणींचे गुडघे लटपटू लागले.

"कोंबडा राहिला, साहेबच झाडतायत," नाथा म्हणाला. "आई, विचार देवीला, चालतील का."

हशा पिकला, आणि तेवढ्यात कोंबड्याने पिसं झाडली. कौसाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, नातवाला निजवावं तसा. "जा माझ्या राजा," त्या म्हणाल्या. चिंतामणींचा हात काही हलेना, तेव्हा नाथाने कोयता काढून घेतला. चिंतामणींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा उरकलं होतं.

घरी येऊन त्यांनी चौदा पानं चाळली. ढोल, किंकाळ्या, घुमणारा भगत. देवळापुढे तर कुणी आवाजही चढवला नव्हता. सगळी पानं त्यांनी फाडली, आणि एक ओळ लिहिली: 'म्हातारीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.' पुढे काही केल्या सुचेना. उठले, बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले.

कुंदाताई चहा घेऊन आल्या. "अहो, उशी का कुरवाळताय?"

"हात किती हलका होता, ते बघतोय."

कुंदाताईंनी चहा ठेवला आणि उशी त्यांच्या मांडीवरून हळूच काढून घेतली.