कडूकंद पाहायला धानोऱ्याच्या जंगलात

वीस वर्षं मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते आहे. रानकंदात डायोस्जेनिन असतं, त्यापासून हार्मोनची औषधं बनवतात, हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण तो कंद जमिनीतून निघताना पाहिला नव्हता. धानोऱ्याजवळ आश्रमशाळेत शिकवणारी माझी जुनी विद्यार्थिनी वनिता दिवाळीत म्हणाली, "मॅडम, आमच्या आईले रानातले सगळे कांदे ओळखू येतात. या एकदा." कंदाला तिकडे कांदाच म्हणतात. मी लगेच हो म्हटलं.

निघताना ताईने, माझ्या मोठ्या बहिणीने, हातात एक पुडी दिली. गुडघ्यासाठी तिने बाजारातल्या एका माणसाकडून रानकंदाचं चूर्ण घेतलं होतं, महिनाभर खातही होती. "खरं आहे का तेवढं विचारून ये," म्हणाली.

चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. सावलीला गरम आलूबोंडा खाऊन घ्या. नोव्हेंबरात दोन्ही बाजूंना कापून रचलेल्या धानाचे पुंजणे दिसतात, आणि वैनगंगेच्या पुलावर सगळी बस खिडकीकडे वळते. गडचिरोलीला गाडी बदलली. फाट्यावर वनिता स्कूटी घेऊन उभी होती. रात्री तिच्याकडे भात आणि अंबाडीची भाजी जेवले.

सकाळी वनिताची आई जनाबाई खणायची पहार, त्यांची सब्बल, खांद्यावर टाकून पुढे निघाल्या. पासष्टीच्या असतील, पण मीच मागे पडत होते. पळसावर चढलेला एक वेल त्यांनी हातात धरला. बदामासारखं पान, आणि पानाच्या बगलेत बटाट्यासारखी छोटी गाठ.

"हा कडूकंद. अन् तीन पानाचा तो बैचांदी. तो तर कच्चा खाल्ला का माणूस गेलाच समजा."

सब्बलीने त्यांनी बैचांदीचा एक कंद काढला, घरी आणून पातळ चकत्या केल्या, राख चोळली आणि टोपलीत भरून नाल्याच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या. पाण्यावर पांढरा फेस आला.

"फेस येऊन राह्यला तोवर हात लावायचा नाई," त्या म्हणाल्या. "तीन-चार दिवस लागतात."

मला हसू आलं. आमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी हलवून फेस पाहतात, तो सॅपोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. त्यातूनच डायोस्जेनिन काढतात. बैचांदीतलं खरं विष वेगळं, पण तेही पाण्यात विरघळून जातं. मी हे सांगितल्यावर जनाबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही पाण्यावाचून चालत नाई."

मग मी पुडी काढली. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतलं, वास घेतला आणि परत ओतलं.

"पीठ झाल्यावर कांदा ओळखू येत नाई, बाई. कोणाचा हाय, धुतला का नाई, कोण सांगन? कोण खाते हे?"

"माझी बहीण. महिन्यापासून."

"भूक लागते का तिले?"

"नाही," मी म्हटलं. दोन आठवड्यांपासून ताईला जेवण नकोसं झालं होतं. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

"मळमळते?"

"हो."

"मंग आजच बंद करा म्हणा. अन् डॉक्टरले दाखवा. मी गुडघ्याले कांद्याचा लेप देतो, पोटात नाई देत. तेही माणूस समोर बसवून."

गावात नेटवर्क नव्हतं. वनिता मला स्कूटीवर फाट्यापर्यंत घेऊन गेली. तिथून ताईला फोन लावला. ती आधी चिडली. "एवढ्या लांब जातेस आणि माझं औषध बंद करतेस?" भाच्याला फोन केला तेव्हा कुठे ती दवाखान्यात गेली.

मी दुसऱ्या दिवशी परतले. तुम्ही जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, पाणी आणि सुटे पैसे ठेवा, गावात आधी विचारूनच रानात शिरा, आणि कुठलाही कंद चाखू नका.

ताईच्या रक्ततपासणीत यकृतावर सूज निघाली. ती कशाने, हे डॉक्टरांनी ठाम सांगितलं नाही, पण चूर्ण बंद केलं ते बरं केलं म्हणाले. महिन्याभरात रिपोर्ट सुधारला.

फळ्यावरचं सूत्र मला पाठ आहे. पण समोरच्या माणसाला भूक लागते का, हे विचारायचं मी घरातसुद्धा विसरले होते. आता विचारते.

ताईचा गुडघा अजून दुखतो. दोन भाकरी खाऊन झाल्या की ती रोज तसं सांगते, आणि मी शेजारी बसून ऐकते.