तानाबाईचा पऱ्हाटीचा कूड

तानाबाई बोलायला उठली तेव्हा मांडवातल्या बऱ्याच जणांना वाटलं, तिला पाणी हवंय. वय साठीच्या पुढचं, पदर डोक्यावर, चपला हातात, कारण एकीचा अंगठा वाटेतच तुटला होता. शेजारच्या गावात ‘गार घर’ नावाचा मेळावा भरला होता. खामगावची फलक ही तरुण आर्किटेक्ट असे मेळावे गावोगाव घ्यायची. उन्हाळ्यात तापणार नाही असं घर गावातल्याच वस्तूंनी कसं बांधायचं, ते लोकांसमोर बांधूनच दाखवायची. त्या दिवशी ती बांबूच्या पट्ट्या विणून वर माती थापत होती.

“मॅडम, हा तं आमचा कूड आहे,” तानाबाई म्हणाली. “पन बांबू कुठून आनाचा? आमच्या वावरात पऱ्हाटी निघते.”

माणसं हसली. कापूस वेचून झाला की जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. चुलीत घालायची वस्तू. फलक मात्र हसली नाही. मातीचे हात तसेच धरून तिनं विचारलं, पऱ्हाटीचा कूड विणता येणारं कोणी आहे का अजून?

“मी आहे. अन् आता मी एकटीच आहे.”

हे खरंच होतं. विणायला तिला आईनं शिकवलं, तेही मजुरीवरून आल्यावर, दिवेलागणीआधीच्या अर्ध्या तासात. लग्न होऊन या गावात आली तेव्हा निम्म्या गावाचे कूड बौद्धवाड्यातल्या बायाच विणायच्या. हिवाळाभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायचा आणि माघ लागला की त्याच वावरातली पऱ्हाटी विणून त्यावर शेणमाती लिंपायची. पुढं टिनं आली, विटा आल्या, घरकुलं आली. तानाबाईलाही घरकुल मिळालं. वैशाखात दुपारी त्याच्या भिंतीला हात लाववत नाही, म्हणून ती मागच्या अंगाला स्वतः विणलेल्या स्वयंपाकघरात जाऊन निजते. सून म्हणते, सासूबाईंनी घर सांभाळायला ठेवलंय आणि राहतात चुलीपाशी.

फलकनं पुढचा मेळावा मार्चमध्ये तानाबाईच्याच गावात ठरवला. अंगणवाडीच्या व्हरांड्याला पश्चिमेचं ऊन सरळ लागायचं, तिसऱ्या प्रहरी लेकरं भिंतीपासून सरकत सरकत मधोमध गोळा व्हायची. तिथं तानाबाईनं आधी एक कूड उभा करून ठेवायचा आणि मेळाव्याच्या दिवशी दुसरा लोकांकडून विणून घ्यायचा, असं ठरलं.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. ते २०१८ साल होतं. ज्या बीटी कापसाला बोंडअळी लागतच नाही असं सगळे धरून चालले होते, त्याच कापसाची बोंडं गुलाबी अळीनं आदल्या हंगामात आतून पोखरली होती. वेचायला गेलेल्या बाया रिकाम्या ओट्यांनी परत येत. ही अळी पऱ्हाटीवर उरलेल्या बोंडांत दडून बसते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उठते, असं कृषी सहायकानं सांगितलं. म्हणून ग्रामसभेनं ठराव केला की शिवारातली सगळी पऱ्हाटी उपटून जाळायची आणि घराजवळ तिची गंजी लावायची नाही.

आणि तानाबाई तीच पऱ्हाटी गावाच्या मध्यावर, लेकरांच्या डोक्याशी उभी करायला निघाली होती.

सरपंच नारायणराव तिला चार वेळा नाही म्हणाले. पाचव्या वेळी ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली आणि उठेचना. त्यांच्या बायकोनं चहा दिला, तो प्याली, कप विसळून ठेवला आणि पुन्हा बसली.

“मावशी, तुम्ही ऐकत काऊन नाही?” ते म्हणाले. “एक अळी निघाली तं लोक मले बोलतीन.”

“जाळाची वस्तूच मांगून राह्यली मी. सोन्याची तं नाही मांगत.”

शेवटी त्यांनी एका भिंतीपुरती परवानगी दिली. अट अशी की एक जरी अळी दिसली तरी भिंत पाडायची, मेळावा रद्द करायचा आणि पुन्हा पऱ्हाटीचं नाव काढायचं नाही.

तीन दिवसांत कूड उभा राहिला. आडव्या-उभ्या काड्या इतक्या घट्ट, की अंगणवाडीच्या शालूबाईंनी बोट घालून पाहिलं, शिरलं नाही. आतल्या बाजूनं ओली माती लिंपली, बाहेरची बाजू मेळाव्यात दाखवायला मोकळी ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी शालूबाईंनी सतरंजी झटकली तर खाली चार गुलाबी अळ्या. भिंतीशी आणखी सात. मातीची ओल लागल्याबरोबर बोंडांत झोपलेल्या अळ्या जाग्या होऊन बाहेर पडल्या होत्या.

शालूबाईंनी निरोप सरपंचांकडे नाही, तानाबाईकडे धाडला. तानाबाई आली, खाली बसून अळ्या पाहिल्या. शालूबाई हलकेच म्हणाल्या, केरात भरून टाकते, कोणाला कळणार नाही. तानाबाईनं विळा मागितला. लेकरांना अंगणात बसवून तिनं स्वतःच्या हातानं दोऱ्या कापल्या, भिंत आडवी केली आणि काडी न् काडी गावाबाहेर नेऊन पेटवली. मग जाऊन सरपंचांना सांगितलं, अळी निघाली, भिंत पाडली, मेळावा रद्द.

तिला खात होतं ते वेगळंच. आईच्या कुडांत कधी अळी निघाली नव्हती. मग आपलं चुकलं कुठं? दोन दिवस ती हेच विचारत फिरली. उत्तर दिलं राबियानं. राबियाच्या चौदा बकऱ्या, आणि तिचं तोंड त्या चौदांपेक्षा जास्त चालतं असं गाव म्हणायचं.

“तुझ्या मायच्या वक्ताले पऱ्हाटी उपटाच्या आधी वावरात कोन जाय?” राबियानं विचारलं.

“बकऱ्या.”

“मंग? पाला, बोंडं सारं खाऊन घेत. तुमच्या हाती नुसती काडी ये. आता बीटीच्या पाल्यानं बकऱ्या मरतात म्हनून लोकाईनं माह्या बकऱ्या बांधावरूनच हाकलल्या. बोंडं राह्यली तुले.”

बोंडं काढायची हे आईनं तानाबाईला कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते काम आईचं नव्हतंच. विणकाम एका वस्तीचं, चराई दुसऱ्या वस्तीची. चराई बंद झाली तेव्हा तिकडं कूडवाल्यांचं लक्षच गेलं नाही. बकऱ्या मरतात ही गोष्ट कुठून आली, हेही कोणाला सांगता येईना. कृषी सहायकाला विचारलं तर तो म्हणाला, चरू द्या, आम्ही तर तेच सांगतो.

पण आता पऱ्हाटी आणायची कुठून? सगळ्यांनी जाळलेली. एकाच वावरात ती अजून हिरवी उभी होती. विहिरीचं पाणी देऊन कापसाचा आणखी एक वेचा काढू, या आशेनं ठेवलेली. वावर सरपंचांचं होतं.

तानाबाई पुन्हा ओट्यावर गेली. या वेळी बसली नाही.

“अळी निघाली, भिंत पाडली. तुमच्यापाशी कबूल केलं ते केलं,” ती म्हणाली. “आता ठराव तुमचा, अन् उभी पऱ्हाटीही तुमचीच. ते मी ग्रामसभेत बोलू का इथंच बोलू?”

नारायणरावांनी आत पाहिलं. बायको दारात उभी होती आणि हसू लपवत नव्हती.

“घेऊन जा, मेळावाही घ्या,” ते म्हणाले. “पन भिंत मी सोता पाहीन.”

राबियाच्या बकऱ्या चार दिवस त्या वावरात चरल्या. त्यांनी सोडलेलं एकेक बोंड तानाबाई, राबिया आणि शालूबाईंनी पांढऱ्या धोतरावर काड्या पसरून खुडलं आणि चुलीत टाकलं. मग कूड उभा राहिला. रोज सकाळी सरपंच येऊन खाली वाकून पाहायचे. आठवडा गेला, अळी नाही. नवव्या दिवशी ते आले ते नुसते कुडाच्या सावलीत टेकून बसले.

मेळाव्याला पाच गावची माणसं होती. फलकला वाटलं, तानाबाई आधी विणकाम दाखवेल. तिनं आधी काचेची बाटली वर केली. तिच्यात पहिल्या भिंतीतल्या मेलेल्या अळ्या होत्या.

“ह्या माह्या भिंतीतून निघाल्या,” ती म्हणाली. “कूड पाहाच्या आधी ह्या पाहून घ्या. बकऱ्या चारल्याबिगर अन् बोंडं खुडल्याबिगर कोनी काडी उचलाची नाही.”

बाटली हातोहात फिरली. मागच्या रांगेतल्या एकानं विचारलं, मग विटाच काय वाईट? तानाबाईनं त्याला उठवून आधी शाळेच्या विटांच्या भिंतीला आणि मग कुडाला हात लावायला लावला. जागेवर परत जाताना त्यानं बाटली पुन्हा मागून घेतली.

दुसऱ्या कुडासाठी नारायणरावांनी वावरात उरलेल्या पऱ्हाटीचा, स्वतः उपटलेला भारा मोठ्या ऐटीत मधोमध आणून टाकला. तानाबाईनं तो सोडला, काड्या चाळल्या आणि तीन बंद बोंडं काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. भारा बाजूला सारला.

सरपंचांनी एकदा फलककडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, राबियाच्या शेजारी, काड्यांसाठी अंथरलेल्या पांढऱ्या धोतरावर बसले आणि काडीकाडीनं बोंडं शोधायला लागले. राबिया सरकली नाही. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की घाई करू नका, बुडाशी पाहा, बोंड तिथंच दडते.