गुरुवारी तीनचा कोंबडा

टँकरच्या ऑफिसात नोकरी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते टेबलावरच्या धुळीसारखे आपोआप येऊन बसतात. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा तेवढेच. मी बी.कॉम. झाले तेव्हा पोरगी बँकेत लागणार असं घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. लागले शहराबाहेर बीड बायपासला, पत्र्याच्या एका खोलीत. पावसानं लागोपाठ दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं आणि शहर तर असं पसरत होतं की काल जिथं ज्वारीचं रान होतं तिथं आज सहा मजले. सहा मजल्यांना पाणी लागतं. म्हणून आम्ही.

आम्ही म्हणजे चौघं. मालक नाना, गंगापूरकडचे, घरची शेती सांभाळून टँकरच्या धंद्यात आलेले. युसूफभाई आणि किसनमामा हे दोघं ड्रायव्हर. युसूफभाई खुलताबादचे, मामा वैजापूरकडचे, त्यांचा भाऊ अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतो. आणि चौथी मी. मला ऑफिसात मॅडम म्हणतात, पण कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते.

* * *

आमचं ऑफिस वहीवर चालत नव्हतं, नानांच्या फोनमधल्या अलार्मवर चालायचं. प्रत्येक सोसायटीच्या पाळीला एक अलार्म. त्यावर सोसायटीचं नाव कधीच नसायचं. 'पिवळी बिल्डिंग', 'कुत्रं चावतं', 'वरची टाकी आधी', 'मास्तरीणबाई भांडती', असं काहीतरी. अलार्म वाजला की नाना वाचून ओरडायचे आणि गाडी निघायची. तीन वर्षं एकही पाळी चुकली नाही म्हणे.

सगळ्या अलार्मना आवाज एकच. कोंबडा. तोही फुल व्हॉल्यूमला. दिवसातून चौदा वेळा तो कोंबडा आरवायचा आणि चौदाही वेळा मी दचकायचे. पहिल्या आठवड्यात तीन कप चहा सांडला.

"मॅडम," नाना शांतपणे म्हणाले, "पाणी आपण विकतो. सांडत नाय."

* * *

मग नानांनी फोन बदलायचं मनावर घेतलं. त्याचं असं झालं. एका बिल्डरची मोठी स्कीम उभी राहत होती, पाण्याचं कंत्राट निघणार होतं. नाना त्याच्या एसी ऑफिसात गेले. टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांचे आयफोन टेबलावर पालथे ठेवलेले. नानांनीही आपला अँड्रॉइड काढून ठेवला. काचेला तीन तडे, कव्हरला रबरबँड. आणि नेमका त्याच वेळी कोंबडा आरवला.

संध्याकाळी परत आल्यावर नाना म्हणाले, "तासभर उभं ठेवलं मला. खुर्चीवर बसा म्हणलं नाय कुणी."

दुसऱ्या दिवशी आयफोन आला. हप्त्यावर. खोका नानांनी स्वतः उघडला, सगळ्यांना हात धुऊन यायला लावलं.

युसूफभाईंनी तो दोन्ही हातांवर घेतला, उलटसुलट बघितला आणि अदबीनं परत ठेवला. "सेठ, फोन तो अच्छा है. लेकिन अपने ऑफिस का चार्जर इसको लगताच नै. कल से आपकी चाय भी अलग मंगानी क्या?"

* * *

पासकोड काय ठेवायचा, यावर अर्धा तास गेला. लक्षात राहील असा पाहिजे, दुसऱ्याला कळायला नको. शेवटी नानांनी मला बाहेर जायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि ठेवला.

दोन दिवसांनी युसूफभाई मला म्हणाले, "मॅडम, सेठ का कोड मालूम है मेरे को."

"कसा काय?"

"पहिल्या गाडीचा नंबर. दुसरा कौनसा नंबर याद रहता उनको?"

खरंच तोच निघाला. म्हणजे नानांचा पासकोड टँकरच्या मागं फूटभर आकड्यांत रंगवलेला होता आणि रोज अख्ख्या शहरातून फिरून येत होता.

* * *

जुन्यातून नव्यात सगळं आणायचं काम माझ्याकडं. मी रात्रभर व्हिडिओ बघून तयारी केली. दोन्ही फोन शेजारी ठेवले, वायफाय लावलं आणि तासभर श्वास रोखून बसले. नंबर आले, फोटो आले, मेसेज आले. गंगापूरच्या म्हशीचे सत्तर फोटोसुद्धा आले. नाना खूश. जुना फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात अशी शांतता, की मला पहिल्यांदाच नोकरी आवडली. आठ वाजले. नऊ वाजले. दोन्ही टँकर भरून दारात उभे. ड्रायव्हर बाकावर. नाना पेपर वाचतायत.

साडेनऊला नानांनी मान वर केली. "आज कुणालाच पाणी नको काय?"

अलार्म आले नव्हते. बाकी सगळं एका फोनातून दुसऱ्या फोनात जातं, अलार्म जात नाहीत, ते नव्यानं लावावे लागतात. व्हिडिओत हे सांगितलं असणार. मी तेवढ्यात पाणी प्यायला उठले असणार.

मिनिटभरात मास्तरीणबाईंचा फोन आला. त्या का भांडतात ते मला त्या दिवशी कळलं.

* * *

मग नाना डोळे मिटून एकेक पाळी आठवत गेले आणि मी नव्या फोनात अलार्म लावत गेले. आवाज या वेळी माझ्या पसंतीचा, मऊ, देवळातल्या लहान घंटीसारखा. सगळं मार्गी लागलं असं वाटलं.

शुक्रवारी मामा भाकरी खाऊन हात पुसत टेबलाशी आले. "पोरी, दाव बरं तुझी ती यादी."

मामांना वाचायला फारसं येत नाही. त्यांनी नानांचा फोन हातात घेतला, अंगठ्यानं यादी एकदा वर नेली, एकदा खाली आणली आणि म्हणाले, "एक कमी हाय."

"मामा, तुम्ही मोजलं कधी?"

"मेंढरं मोजत्यात व्हय कुणी? कळप बघितला की कळतं."

मी ड्रॉवरमधला जुना फोन काढून चालू केला आणि दोन्ही याद्या ताडून बघितल्या. एकच कमी होता. गुरुवार, दुपारी तीन. नाव होतं 'रेडिएटर'.

* * *

रेडिएटरची हकीकत युसूफभाईंनी सांगितली. नानांकडं एकच टँकर होता आणि ते स्वतः चालवायचे तेव्हाची. एका गुरुवारी भर उन्हात चढावर गाडी तापून बंद पडली. टँकर रिकामा, रेडिएटर कोरडा. वर माळावर पंधरा-वीस घरांची वस्ती, बहुतेक मेंढपाळ, काही खडी फोडणारे. तिथं पाइपलाइन तेव्हाही नव्हती, आजही नाही. तिथल्या बायांनी दोन हंडे आणून रेडिएटरमध्ये ओतले.

"पीने का पानी था वो, मॅडम. तीन मील से सर पे लाया हुआ. और सेठ खुद टँकरवाले," युसूफभाई म्हणाले. "शरम से पानी हो गये."

त्यानंतर दर गुरुवारी तीन वाजता वस्तीवर एक टँकर. फुकट. तीन वर्षं.

मी नानांकडं गेले. "नाना, रेडिएटरचा अलार्म राहिला. काल गाडी गेली नाही वस्तीवर."

नाना पेपरमधून वर बघेनात. "कंत्राट हवं तर बिल्डरला गुरुवारी तीनचीच वेळ पायजे. स्लॅबवर पाणी मारायला. नव्या फोनात आलं नाय ना? मग ऱ्हाऊ दे."

"पण वस्तीवर आठवड्याचं तेवढंच पाणी आहे."

"मॅडम, म्या काय मुद्दाम काढलं का? फोन बदलला. गेलं."

घरी मी पंख्याच्या आवाजाबद्दलही तक्रार करत नाही. पण मला राग आला होता. माणसानं हो म्हणावं, नाही म्हणावं. फोनवर काय ढकलायचं?

नाना हात धुवायला गेले. नव्या फोनचा कोड तर टँकरच्या मागंच होता. मी अलार्म लावला. गुरुवार, तीन, 'रेडिएटर'. आवाज मात्र माझ्या पसंतीचा नाही. यादीतला सगळ्यात कर्कश.

* * *

पुढच्याच गुरुवारी तीन वाजता नाना बिल्डरच्या ऑफिसात होते. आयफोनमुळे की कशामुळे, या वेळी खुर्ची मिळाली होती. फोन सगळ्यांसारखा पालथा ठेवलेला. तो असा कोकलला की म्हणे बिल्डरच्या हातातला चहा हलला. शेजारच्यानं फोन उचलून मोठ्यांदा वाचलं, "रेडिएटर." आणि विचारलं, "गाडी गॅरेजला आहे का?"

नाना परत आले ते सरळ माझ्या टेबलाशी. "काढ ते."

"नाही काढणार." हे मीच बोलले. आवाज इतका बारीक होता की नानांनी पुन्हा विचारलं आणि मला पुन्हा बोलावं लागलं. "नाही काढणार, नाना. तुम्ही काढा."

त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि माझ्यासमोर दहा मिनिटं त्या फोनशी झटत बसले. शेवटी अंगठा डावीकडं ओढला आणि अलार्म पुसला. नवीन फोनवर नाना स्वतःहून शिकलेली ती पहिली गोष्ट.

"पुढच्या गुरुवारपासून तीनची गाडी स्कीमवर," ते म्हणाले. "आन् हा जुना फोन आपल्या मायला पाठवायचाय गंगापूरला. सिमबिम नको, तिचा बटणांचा फोन हाय बोलायला. ह्याच्यात कीर्तनं बघंल. सगळं पुसून दे."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं."

रिसेट मारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी एकेक करून हातानं पुसत बसले. नंबर पुसले, मेसेज पुसले, म्हशीचे सत्तर फोटो पुसले. पिवळी बिल्डिंग, कुत्रं, मास्तरीणबाई, सगळं पुसलं. एक गोष्ट सोडून.

शनिवारी मामांनी फोन पोचवला. संध्याकाळी आजींचा मला फोन. नानांच्या आई, ऐंशीच्या पुढच्या, आवाज मात्र माझ्या दुप्पट.

"पोरी, ह्याच्यात घड्याळाचं चित्र हाय, त्यात एक ओळ कशाची हाय गं? माझा नातू वाचून म्हणतो, रेडिएटर. काय असतंय ते?"

आजींनी विचारलं. मी खरं होतं तेवढं सगळं सांगितलं. दोन हंडे, चढ, गुरुवार.

"असं व्हय," आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

* * *

गुरुवार उजाडला. पावणेतीनला टँकर भरून दारात, तोंड स्कीमच्या दिशेनं. मामा स्टिअरिंगवर, पण गाडी चालू करेनात. सकाळी वस्तीच्या रस्त्यानं येताना बाया आडव्या आल्या होत्या. मागच्या दोन गुरुवारचे रिकामे ड्रम त्यांनी रस्त्याच्या कडेला ओळीनं मांडून ठेवले होते. मामांनी हे नानांना सांगितलं होतं. युसूफभाई बाकावर बसून नखं बघत होते. मी हिशेबाच्या एका रकान्यात तोच आकडा चौथ्यांदा लिहीत होते.

"मामा, निघा," नाना म्हणाले. "तीन वाजत आले."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "निघतो की. इंजिन गरम झालंय जरा."

"अजून चालू कुठं केलंय?"

तीन वाजले. ऑफिसात काहीच वाजलं नाही. नानांनी नव्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी रकान्याकडं.

आणि फोन वाजला. या वेळी दचकले ते नाना. स्क्रीनवर आजींचा तोंडभर हसणारा फोटो. नानांनी तो उचलला आणि गडबडीत अंगठा कुठं पडला कोण जाणे, स्पीकर चालू झाला.

आधी कोंबडा. आमचा जुना कोंबडा, फुल व्हॉल्यूमला, गंगापूरहून. बंद कसा करायचा हे आजींना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि त्या कोंबड्याच्या वरताण त्यांचा आवाज.

"नानू, तीन वाजले. त्या बायांची गाडी निघाली का?"

नाना उभे राहिले. आईशी बोलताना ते बसून कधी बोलत नाहीत.

"व्हय माय."

"व्हय म्हंजी? निघाली का निघायचीय?"

कोंबडा आरवतच होता. युसूफभाई भिंतीकडं तोंड करून उभे, खांदे हलत होते. नानांनी फोन हातानं झाकला आणि दाराबाहेर बघून ओरडले,

"मामा, उभं काय ऱ्हायलात? कोंबडा ऐकू येईना व्हय?"