डेटनची दोन सीटांची शाळा

मंगळवारी माझी ड्रायव्हिंग टेस्ट होती, तिसरी. यावेळी नापास झाले असते तर ऑगस्टपासूनची नोकरी हातची गेली असती. तिथे बस जात नाही. म्हणून आदल्या शनिवारी काका म्हणाले, "चल, डेटनला जाऊ. हायवेची प्रॅक्टिस होईल, विमानंही बघशील."

इलिनॉयमधल्या आमच्या नेपरव्हिलहून ओहायोतलं डेटन तीनशे मैल, साडेपाच तास. ओहायोत घड्याळ एक तास पुढे असतं, ते धरून निघा. काकूंनी पोळीभाजीचे रोल दिले होते. माझं शिकाऊ परमिट फक्त इलिनॉयपुरतं, त्यामुळे मधलं इंडियाना राज्य लागायच्या आधीच्या एक्झिटलाच मी गाडी काकांना दिली. तोवर त्यांचा हात हँडब्रेकवरच होता. चौथीपर्यंत मला बाबांनी घरी शिकवलं. त्यांचं बोटही असंच वहीवर असायचं, माझ्या चुकीच्या आधी पोचलेलं.

जगातलं पहिलं विमान उडवणाऱ्या दोन भावांचं हे गाव. शहराबाहेरच्या छोट्या संग्रहालयात (प्रवेश फुकट, डबा बाहेर खावा लागतो) सुरुवातीच्या शिकाऊ विमानाची प्रतिकृती आहे. पंखावर शेजारी-शेजारी दोन सीटा, समोर नुसती हवा. पंखांचा तोल सांभाळणारा दांडा दोघांत एकच, मधोमध. डावीकडे बसून शिकलेला तो उजव्या हाताने चालवी, उजवीकडचा डाव्याने. मग ज्याला त्याला आपलीच सीट लागे. त्याआधी जमिनीवर सराव: लाकडी तिवयांवर ठेवलेलं जुनं विमान एक मोटर डावी-उजवीकडे कलंडवणार, शिकणाऱ्याने ते सावरायचं. मोजक्या तासांत शिकवणारा उतरून जाई आणि माणूस एकटा आभाळात!

तसलं एक डुलणारं यंत्र तिथे बसून बघता येतं. म्हातारे गाइड म्हणाले, "दोघंही बसा." यंत्र डावीकडे कललं. मी दांडा ओढला, काकांनीही ओढला. पंख धाडकन उजवीकडे आपटला. पुन्हा तेच.

"चालवतंय कोण?" गाइडनी विचारलं.

"ती," काका म्हणाले.

"मग तुमचा हात तिथे काय करतोय?"

काका चक्क लाजले. त्यांनी हात काढल्यावर मी आणखी दोनदा पंख आपटला. तिसऱ्यांदा सावरला.

रात्री मुक्कामाला मोटेल, पन्नास डॉलर. रविवारी इंडियाना संपल्यावर मी गाडी घेतली. ट्रकांच्या रांगेत शिरताना विचारलं, "काका, घुसू?"

"मला नको विचारू. मी पॅसेंजर आहे."

घुसले. घरी काकूंनी विचारलं, "कशी चालवली हिने?"

"काय माहीत! मी डोळे मिटले होते."

मंगळवारी पास झाले. विमानांपेक्षा मनात राहिले ते शिकवणारे. सीट सोडून गवतात उभे राहून वर बघणारे. त्यांनाही धडधडत असणारच.

पुढच्या शनिवारी एकटीने गाडी काढली, देशी दुकानातून सामान आणलं. कोथिंबीर विसरले होते.

"राहू दे," काका म्हणाले.

मी किल्ली घेऊन परत दुकानात गेले.