धुलाईघरातली साहेबीण

साहेबीण हे नाव तिला मावशीने ठेवलं. विद्यापीठात व्यवस्थापनाच्या वर्गात वस्तीतल्या मुलांसाठी काही जागा राखून ठेवल्या होत्या. त्यातली एक तिला मिळाली, तेव्हा मावशी म्हणाली, "झालं! आता ही साहेबीण आपल्यालाच चादरी नीट पिळायला शिकवणार." धुलाईघरात हशा पिकला. आईही हसली. त्यांच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्याच्या चादरी धूत आल्या होत्या.

वर्गात तिच्याशी कोणी वाईट वागलं नाही. तिच्या हातांना येणारा ब्लीचिंगचा वास कोणाला आला असेल, तर त्यांनी तसं दाखवलं नाही. एकदा सरांनी विचारलं, "तुमच्या वस्तीतल्या बायका कंत्राटदाराकडे राबतात. त्यांचीच कंपनी का नसावी?" तिने ते मनावर घेतलं.

पदवी मिळाल्यावर तिने बायकांची कंपनी काढली. कंत्राटदाराने आधी हसण्यावारी नेलं, मग दम दिला. पण त्याची मुदत संपली आणि दवाखान्याने काम बायकांना दिलं. अट एकच. पन्नाशीपुढची बाई धुलाईघरात नको, तिचा विमा मिळत नाही. तिने दोन बैठकांत हुज्जत घातली. तिसऱ्या बैठकीत सही केली. नसती केली, तर सगळ्याच घरी बसल्या असत्या.

त्या संध्याकाळी आई भाजी निवडत होती.

"सोमवारपासून तू येऊ नकोस," साहेबीण म्हणाली.

"कुठं?"

"कामावर."

आईने निवडलेली भाजी पातेल्यात टाकली. मग म्हणाली, "बरं. डबा एकच करते."

मावशीचंही काम गेलं. तिने घरी येणं सोडलं.

रडू येईल असं साहेबिणीला वाटलं होतं. आलं नाही. बायकांना हातमोजे मिळाले, पगारी सुट्टी मिळाली. त्यांच्यातल्या दोघींच्या मुली विद्यापीठात गेल्या. विद्यापीठाने तिला भाषणाला बोलावलं. टाळ्या वाजल्या, तेव्हा त्या शेजारच्या खोलीत वाजताहेत असं तिला वाटलं.

पुढच्या वर्षी ती एका खासगी दवाखान्याच्या कचेरीत कंपनीसाठी काम मागायला गेली. लिफ्टपुढे गर्दी होती म्हणून जिन्याने निघाली. दुसऱ्या मजल्यावर एक बाई वाकून पायऱ्या पुसत होती. ती आई होती.

आईने बादली बाजूला ओढली, परक्या माणसाला वाट द्यावी तशी. "भिंतीकडनं जा," ती हळूच म्हणाली. "इकडे ओलं आहे."

ती भिंतीकडून वर गेली. बैठकीत नीट बोलली. वयाची अट आहे का, हे तिने सगळ्यात आधी विचारलं. नव्हती. काम मिळालं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "या कामाला तू येऊ शकतेस. मावशीलाही विचारते."

"तिला विचार. ती येईल." आईने तिच्या ताटात भात वाढला. "मी आहे तिथंच बरी. तिथं मी कोणाची आई नाही."

साहेबिणीने भात कालवला. सकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली. मावशीने दार उघडलं, नव्या कामाचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कामावर न्यायला गाडी किती वाजता येते?"