"मले कधी काढता?"

"भाऊ, मले कधी काढता?"

कामावर येऊन तासही झाला नव्हता, आणि बाई मला हे विचारत होत्या. आवाज इतका खणखणीत, की गल्लीला वाटावं आम्ही त्यांना कोंडूनच ठेवलंय.

माझ्या वडिलांना लकवा मारला होता. हिंगणघाटच्या आमच्या दुकानात ज्या हातानं त्यांनी जन्मभर कापड मोजून फाडलं, तो उजवा हात ओल्या टॉवेलसारखा मांडीवर पडलेला. त्यांचं करायला या बाई समुद्रपूरहून सकाळच्या पहिल्या बसनं यायच्या. पन्नाशीच्या, काटक, खांद्याला पिशवी.

आणि रोज तेच, "मले कधी काढता?"

आता मी पडलो दुकानदार. गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की ते भाव करतंय, हे ओळखणारा. आठव्या दिवशी मी मोठा उसासा टाकला. "बरं ताई, पाचशे वाढवले!"

साडी मागावी आणि सतरंजी दाखवावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पैसे कोनं मागतले जी? ठरले तेवढेच द्या, टायमावर द्या. पन बाबाजीले भरवनं बंद करा. तुम्ही घास भरवून राह्यले, मंग तो हात काऊन हालन? बाबाजीचं काम बाबाजी करतीन, तवा मले काढा. आन् पगार तुमच्या हातून नाई घेत मी. बाबाजी देतीन. उजव्या हातानं."

आमच्याच दुकानाची चिंधी त्यांनी चमच्याच्या दांड्याला गुंडाळली, पकड यावी म्हणून. वरण सांडायचं, बाबा चिडायचे, माझी बायको धावायची. बाई तिला अडवायच्या, "बसा जी ताई. सांडलं तं पुसू."

रविवारी बाईंची सुट्टी. आम्ही दोघं चोरून बाबांना भरवायचो. सोमवारी बाई आधी चमचा बघायच्या. "चिंधी कोरडी कशी?" शाळेत नसेन इतका मी त्या चमच्यापुढे शरमलोय.

पहिला पगार द्यायला बाबांना अर्धा तास लागला. नोटा पडायच्या, बाबा पुन्हा चाचपडायचे. बाई हात पसरून उभ्या. मी वाकलो तर म्हणाल्या, "बसा जी भाऊ. पगार तुमाले पायजे का? मी लायनीत हावो. बँकेत तरी कुठं लवकर देतात!" त्यांची बस गेली. त्या दुसऱ्या बसनं गेल्या.

सहाव्या महिन्यात बाबांनी अंगठा जिभेला लावला, टकाटक नोटा मोजल्या आणि उजवा हात पुढे केला. मग त्यातली एक नोट काढून खिशात घातली.

"पाचशे कापले," बाबा अडखळत म्हणाले. "आता तुले काम काय राह्यलं?"

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "काढलं, काढलं! बाबाजीनं मले काढलं!"

बाबांनी नोट परत दिली. बाई चमचा तिथंच ठेवून गेल्या. आता नाचणगावला एक आजी अंथरुणाला खिळल्यात, त्यांच्याकडे असतात. तिथंही पहिल्याच दिवशी काय विचारलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एक तारखेला, पगाराच्या दिवशी, बाबा अजून दाराकडे तोंड करून बसतात. उजव्या हातात नोटा. मोजतात, ठेवतात, पुन्हा मोजतात. परवा त्यातली एक खाली पडली.

मी जागचा हललो नाही.