जिभेवरची भुरी

“मावशी, छातीतली गाठ कॅन्सरची आहे,” असं नाशिकच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं, “मग औषध कधी चालू करायचं?” शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला भीती वाटली नाही असं नाही. पण रोग कळल्यावर हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. सायखेड्याच्या आमच्या द्राक्षबागेत फवारणीचं सगळं मी बघते. कोणतं औषध, किती, कधी, हे सगळं आमचे हेसुद्धा मलाच विचारतात.

आधी सहा केमो आणि मग ऑपरेशन, असं ठरलं. दर एकवीस दिवसांनी एक केमो. “मधे खंड पडायला नको,” मॅडम म्हणाल्या. तेवढं मी मनात पक्कं धरलं. काय वाटेल ते होवो, एकही तारीख चुकवायची नाही.

पहिली निभावली. दुसरीनंतर सहाव्या दिवशी तोंड आतून सोलल्यासारखं झालं. ह्याला म्युकोसायटिस म्हणतात, म्हणजे तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीला सूज येऊन जखमा होणं. वरणभात गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. दोन दिवसांनी आरशात बघितलं, तर जिभेवर पांढरा थर.

“अहो, ही तर भुरी!” मी ओरडले. भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर आणि घडांवर येणारी पांढरी बुरशी.

“अगं, मॅडमला फोन करू ना एकदा,” हे म्हणाले.

“त्यात काय विचारायचं? इतकी वर्षं भुरी बघते मी. वेळेवर फवारा बसला की जाते.”

मेडिकलमधून कडक माउथवॉश आणायला लावला. बाटलीवर दोन वेळा लिहिलं होतं, मी सहा वेळा चूळ भरायचे, तीही पाणी न घालता. नुसती आग व्हायची. बेसिन घट्ट धरून उभी राहायचे, पण थुंकायचे नाही. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, असं वाटायचं. काय हा शहाणपणा! चार दिवसांत पाणी गिळता येईना आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तरी फोन केला नाही. मॅडमनी केमो पुढे ढकलली तर, ही धास्ती.

तिसऱ्या केमोच्या दिवशी मॅडमनी बॅटरी मारून तोंड बघितलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. “आज केमो देता येणार नाही.”

“द्या हो मॅडम. मी सहन करीन.”

“सहन करायचा प्रश्न नाही, मावशी. ह्या जखमांतून जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतेल.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या तोंडात एरवीही असंख्य सूक्ष्मजीव राहतात. बरेचसे निरुपद्रवी, आणि त्यांच्या गर्दीत बुरशीला हातपाय पसरता येत नाहीत. केमोनं लाळ कमी होते, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि तोंडातला हा समतोल बिघडतो. मग बुरशी माजते. तिला ओरल थ्रश म्हणतात. “तुम्ही वरून जहाल औषध ओतून चांगलेही मारलेत आणि जखमाही वाढवल्यात.”

पानांतला रस शोषणाऱ्या लाल कोळी ह्या किडीवर उगाच जहाल औषध मारलं की त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी जास्तच वाढतो, हे मी गावात ज्याला त्याला सांगत फिरते. स्वतःच्या तोंडात मात्र तेच करून बसले. लाज वाटली आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

“बघ, म्हणालो होतो ना मी,” एवढं एकच वाक्य हे गाडीत बोलले. त्यांना तो हक्कच होता.

केमो एक आठवडा पुढे गेली होती. त्या आठवड्यात तोंड बरं करायचंच, असं ठरवलं. कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा घालून हलक्या गुळण्या, लहान मुलांचा मऊ ब्रश, मॅडमनी दिलेलं बुरशीचं औषध, सगळं सांगितलं तेवढंच. एक थेंब जास्त नाही. हे दर तीन तासांनी गुळण्यांचं पाणी घेऊन समोर उभे. मऊ खिचडी गार करून चमच्याचमच्यानं खाल्ली. रोज सकाळी उजेडात जीभ बघायची आणि मॅडमना फोटो पाठवायचा.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल तर माझं एवढं ऐका. तोंड दुखलं किंवा जीभ पांढरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तारीख पुढे जाईल म्हणून लपवू नका. मी लपवलं, म्हणूनच गेली.

आठव्या दिवशी मॅडमनी पुन्हा बॅटरी मारली. हे माझ्यापेक्षा जास्त वाकून बघत होते.

“छान भरून आलंय. रक्ताचा रिपोर्टही चांगला आहे. लावू या.”

केमोतलं एक औषध लालभडक असतं. ते नुसतं दिसलं तरी मला मळमळून यायचं, मी तोंड फिरवून घ्यायचे. त्या दिवशी सिस्टर ते घेऊन आल्या आणि मी आपणहून हात पुढे केला. नळीतून लाल रंग उतरताना शेवटपर्यंत बघत राहिले, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.